गॅस्ट्रिक बायपास

गॅस्ट्रिक बायपास म्हणजे जठराचा बहुतेक भाग आणि लहान आतड्याची सुरुवात अन्नाच्या वाटेतून वगळणारी शस्त्रक्रिया. अतिलठ्ठपणा आणि त्याच्या सोबतीने येणारा टाइप-२ मधुमेह, यांसाठी ती करतात. इंदूरच्या मराठी घरांत नुसते ‘बायपास’ म्हटले तर ऐकणाऱ्याचा हात आधी छातीकडे जातो. हृदयाच्या बायपासशी या शस्त्रक्रियेचा संबंध फक्त नावापुरता आहे.

अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण पुढे वजन धरत नाहीत, हे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले आणि १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह लठ्ठपणासाठी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. आज रूढ असलेल्या पद्धतीला स्विस शल्यचिकित्सक सेझार रू यांचे नाव आहे, कारण आतड्याची इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी जोडणी मुळात त्यांची. १९९४ मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून केलेल्या बायपासचा अनुभव प्रसिद्ध केला. पोटावरचा वीतभर छेद त्यानंतर हळूहळू मागे पडला.

पूर्ण भूल देऊन पोटावर पाच-सहा बारीक छेद घेतात. अन्ननलिकेला लागून असलेला जठराचा वरचा तुकडा स्टेपलरने वेगळा करून त्याची सुमारे ३० मिलीलिटरची पिशवी बनवतात. मोठे दोन चमचे वरण, एवढीच तिची जागा. मग लहान आतडे सुरुवातीपासून साधारण ५० ते १०० सेंटिमीटरवर कापून त्याचे खालचे टोक वर आणून या पिशवीला जोडतात. मोकळे राहिलेले वरचे टोक आणखी १०० ते १५० सेंटिमीटर खाली आतड्यालाच जोडले जाते. उरलेले जठर काढून टाकत नाहीत. ते पोटातच राहते, पाचकरस तयार करते. फक्त अन्न तिकडे फिरकत नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्या जुन्या वाटेने येऊन खालच्या जोडापाशी अन्नाला भेटतात. ‘पोट कापून टाकतात’ ही समजूत म्हणूनच चुकीची. जठराचा मोठा भाग खरोखर काढतात तो ‘स्लीव्ह’ नावाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत.

पोट लहान, म्हणून खाणे कमी, म्हणून वजन कमी, असा सरळ हिशेब लोक मांडतात. तो अपुरा आहे. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचले की तिथून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके जास्त स्रवतात. ती मेंदूला पोट भरल्याची खबर देतात, आणि जीएलपी-१ स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पुष्कळ मधुमेही रुग्णांची शुगर वजन फारसे उतरण्याआधी, काही दिवसांतच खाली येऊ लागते ती काही अंशी यामुळे, काही अंशी खाणे एकदम कमी झाल्यामुळे. हल्ली वजनासाठी दिली जाणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शने याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. भूक ही निव्वळ मनाची ढिलाई नसून शरीरातल्या रसायनांची हाक आहे, हे या शस्त्रक्रियेने जितके स्पष्ट दाखवले तितके क्वचितच कशाने दाखवले असेल. ‘तोंडावर ताबा ठेव’ म्हणून वर्षानुवर्षे बोलणी खाल्लेल्या माणसाला हे कोणीतरी समजावून सांगायला हवे.

पहिल्या वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरते. मधुमेह अनेकांत औषधांशिवाय ताब्यात राहतो, मात्र काहींमध्ये काही वर्षांनी परततो. आजार जुना असेल आणि इन्शुलिन चालू असेल तर ही शक्यता जास्त. रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे, गुडघेदुखी यांतही फरक पडतो. छातीत जळजळ असणाऱ्यांना स्लीव्हपेक्षा बायपास बरा मानतात.

शस्त्रक्रिया कोणासाठी, हे बीएमआयवर, म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्यावर ठरते. भारतीयांसाठी अनेक वर्षे वापरात असलेला निकष बीएमआय ३७.५, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असल्यास ३२.५, असा आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी हे आकडे ९६ आणि सुमारे ८३ किलो होतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ही मर्यादा आणखी खाली आणली. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटी मात्र कडक आहेत: बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५. शस्त्रक्रिया ठरवण्याआधी पॉलिसीचे ते कलम वाचून घ्यावे.

इंदूरमध्ये ही शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत होते आणि तिच्यासाठी बाहेरगावचे रुग्णही इथे येतात. पण सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यातली खाऊगल्ली, अशा शहरात खरी परीक्षा घरी परतल्यावर सुरू होते. सुरुवातीचे काही आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचे जेवण. घास बारीक चावून, वाटीभर अन्नाला वीस-पंचवीस मिनिटे. जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासाने, घोट घोट. गणपतीतल्या पंगतीत आग्रहाची वाढप नाकारताना यजमान दुखावतात, तेव्हा कारण आधीच सांगून ठेवलेले बरे. गोडाने तर वेगळाच त्रास होतो. साखर थेट आतड्यात उतरल्यामुळे एका जिलबीनंतर अर्ध्या तासाच्या आत घाम, छातीत धडधड, पोटात कळ, जुलाब सुरू होऊ शकतात. याला डम्पिंग म्हणतात. काहींची शुगर त्यानंतर एक ते तीन तासांनी फार खाली घसरते आणि चक्कर येते.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या हा या उपचाराचा अर्धा भाग आहे, आणि दुर्लक्ष होते ते नेमके त्याच्याकडे. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या ज्या भागात शोषले जातात तोच वगळलेला असतो. ब-१२ शोषण्यासाठी जठरातला स्राव लागतो, तोही अन्नाला नीट भेटत नाही. आपल्या शाकाहारी घरांत ब-१२ आधीच कमी असते, म्हणून इथे जास्त जपावे लागते. ब-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जन्मभर घ्यायचे, तेही रक्ततपासणी करत. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने नुसत्या वरणातून मिळत नाहीत. पनीर, दही, सोयाबीन आणि बहुधा प्रोटीन पावडर लागते. सतत उलट्या होत असतील तर थायामिन (ब-१ जीवनसत्त्व) झपाट्याने संपते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे अंगावर काढू नये.

अनुभवी हातांत शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्याभरातला मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन इतका असतो. सुरुवातीच्या दिवसांतली मोठी भीती जोडातून गळती, रक्तस्राव आणि पायांत होऊन फुप्फुसात जाणाऱ्या रक्ताच्या गुठळीची. म्हणूनच त्याच दिवशी चालायला लावतात. पुढे पित्ताशयात खडे होऊ शकतात. तंबाखू, सिगारेट आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी जोडावर अल्सर होतो. गुडघा दुखला म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणण्याची सवय सोडावीच लागते. दारू लवकर आणि जास्त चढते. गर्भधारणा साधारण १२ ते १८ महिने पुढे ढकलायला सांगतात. काही वर्षांनी थोडे वजन परत येणेही सर्रास दिसते.

एक धोका मात्र वर्षांनंतरही उभा राहतो. वजन उतरले की आतड्याभोवतीची चरबी विरघळते, जोडांमागे फटी राहतात आणि त्यांत आतडे अडकू शकते. दुखणे कळा मारत येते, विशेषतः जेवणानंतर. घरात त्याला गॅस समजून ओवा-हिंग दिला जातो आणि मोलाचे तास निघून जातात. अशा वेळी त्याच दिवशी सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे, शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्यावा, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना नुसते ‘बायपास झालाय’ न सांगता ‘जठराचा बायपास झालाय’ असे सांगावे.