पोटगी केवळ पगारपत्रकावर ठरत नाही

पगारपत्रकावर जो आकडा असेल त्यावरच मुलाची पोटगी ठरते आणि एकदा आदेश झाला की तो बदलत नाही, असे वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात येणाऱ्यांना नातेवाईक आजही छातीठोकपणे सांगतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांपायी मुलाच्या हक्काचा पैसा सोडून दिला जातो, हे फार क्लेशदायक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात आईवडील दोघांनीही मालमत्ता व देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे, असे ठरवून दिले. समजा, वडिलांनी महिना अठरा हजार पगार दाखवला, पण बँकेच्या उताऱ्यात दर पाच तारखेला गाडीचा बावीस हजारांचा हप्ता वळता होताना दिसतो. ही विसंगती न्यायालयापुढे मांडता येते, अधिक कागदपत्रे मागवण्याचा अर्ज करता येतो, आणि राहणीमानावरून न्यायालय खऱ्या उत्पन्नाचा अंदाज बांधू शकते. जाणूनबुजून खोटे प्रतिज्ञापत्र देणाऱ्यावर कारवाईही होऊ शकते.

आदेशानंतर परिस्थिती बदलली, म्हणजे शाळेची फी वाढली किंवा वडिलांची नोकरी खरोखरच गेली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२७) रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते. मात्र नुसता अर्ज केल्याने पोटगीचा हप्ता थांबत नाही. नवा आदेश होईपर्यंत जुनीच रक्कम भरावी लागते.