समागमानंतर येणारी झोप अशक्तपणाची नसते

समागमानंतर थोड्याच वेळात डोळे जड होतात, अंग सैल पडतं, बोलायचीही इच्छा उरत नाही. हा अनुभव बहुतेकांच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे मात्र या सुस्तीला एक भीती चिकटलेली असते. शरीरातली ताकद गेली म्हणून झोप येते, असं अनेकांना मनापासून वाटतं. शंभर थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब बनतो, हे वाक्य कितीतरी मुलांनी वयात येताना मित्रांकडून ऐकलेलं असतं. रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर 'मर्दाना कमजोरी'च्या जाहिराती रंगवणाऱ्यांचा धंदा याच समजुतीवर चालतो. वीर्य जातंय या चिंतेने खंगत जाणाऱ्या रुग्णांच्या त्रासाला १९६० साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही ते नाव आलं. या रुग्णांना जाणवणारा थकवा खरा असतो. त्याचं त्यांनी लावलेलं कारण मात्र खोटं असतं.

आधी हिशोबच मांडू. एका वेळी बाहेर पडणारं वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर. त्यात बहुतांश पाणी, थोडी फ्रुक्टोज साखर, थोडी प्रथिनं आणि क्षार. त्याचा मोठा भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींत तयार होतो. शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के. रक्त आटवून ते बनत नाही. चमचाभर साखरेतून जितकी ऊर्जा मिळते तितकीही त्यातून शरीराबाहेर जात नाही. शिवाय समागमानंतर स्त्रियांनाही झोप येते, आणि त्यांचं तर वीर्य जात नाही. एवढा एक मुद्दा त्या भिंतीवरच्या जाहिराती खोट्या ठरवायला पुरेसा आहे.

मग मेहनतीमुळे झोप येत असेल का? माँट्रियलमधल्या संशोधकांनी २०१३ साली २१ तरुण जोडप्यांच्या दंडावर ऊर्जा मोजणारे पट्टे बांधून याचं उत्तर शोधलं. एका वेळी पुरुषांची सरासरी १०१ आणि स्त्रियांची ६९ किलोकॅलरी खर्च झाली. त्याच लोकांना अर्धा तास ट्रेडमिलवर पळवलं तेव्हा हे आकडे अनुक्रमे २७६ आणि २१३ झाले. ट्रेडमिलवरून उतरल्यावर कोणी तिथेच डोळे मिटत नाही, उलट बराच वेळ तरतरी असते. म्हणजे श्रमाचा थोडा वाटा असेलही, पण मुख्य कारण दुसरीकडे शोधायला हवं.

समागमाच्या वेळी शरीर चांगलंच ताणलेलं असतं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास जोरात चालतो, स्नायू आवळले जातात. परमोच्च क्षणी शरीराला सावध करणारं नॉरअॅड्रेनालिन हे रसायन रक्तात उसळतं आणि काही मिनिटांत खाली येतं. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९६६ साली प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांवरून या सगळ्या क्रमाची नोंद प्रसिद्ध केली. ओसरण्याच्या टप्प्यात अनेकांना घाम फुटतो, हेही त्यांनी नोंदवलं होतं. मला हा घाम महत्त्वाचा वाटतो. झोप लागण्याआधी शरीर आपली आतली उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर टाकत असतं. हातापायांतल्या रक्तवाहिन्या जितक्या सैलावतात तितकी झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९९ साली दाखवलं. समागमानंतर शरीर तापलेलं असतं आणि ती उष्णता त्वचेवाटे बाहेर पडत असते. झोपेची अर्धी तयारी तिथेच होत असावी, असा माझा तर्क आहे.

आता प्रोलॅक्टिनकडे येऊ. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून हे संप्रेरक स्रवतं. बाळंतपणानंतर दूध तयार करणं हे त्याचं सर्वांना ठाऊक असलेलं काम, पण ते पुरुषांच्याही रक्तात असतं. मायकेल एक्स्टन, टिलमन क्र्युगर आणि मानफ्रेड शेडलोव्स्की या संशोधकांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून एक अवघड प्रयोग पुन्हा पुन्हा केला. स्वयंसेवकांच्या शिरेत बारीक नळी ठेवून उत्तेजनेच्या आधी, दरम्यान आणि नंतर सलग रक्त घेतलं जाई. नुसत्या उत्तेजनेने प्रोलॅक्टिन फारसं हललं नाही. परमोच्च क्षणानंतर मात्र ते झपाट्याने वाढलं, आणि तासभर वाढलेलंच राहिलं. हे स्त्री आणि पुरुष दोघांतही दिसलं. २००६ साली स्ट्युअर्ट ब्रॉडी आणि क्र्युगर यांनी अशाच प्रयोगांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा हस्तमैथुनानंतरच्या वाढीपेक्षा समागमानंतरची वाढ सुमारे ४०० टक्के अधिक भरली.

प्रोलॅक्टिन आणि झोप यांचं नातं जुनं आहे. रात्री झोपेत ते आपोआप वाढतं. अंगावर पाजणाऱ्या मातांमध्ये ते भरपूर असतं, आणि त्यांच्या झोपेत गाढ टप्प्याचा वाटा अधिक असतो. प्राण्यांना ते टोचलं तर त्यांच्या झोपेचा स्वप्नांचा टप्पा लांबतो. एरवी डोपामिन प्रोलॅक्टिनला दाबून धरतं. डोपामिन म्हणजे हव्याशा गोष्टीमागे धावायला लावणारं रसायन. त्यामुळे प्रोलॅक्टिन वर गेलेलं दिसलं, की धावण्याचा जोर ओसरला असावा असा अर्थ लावता येतो.

इथवर सगळं छान जुळतं, आणि म्हणूनच बऱ्याच लेखांत 'प्रोलॅक्टिनमुळे झोप येते' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. मी तसं लिहिणार नाही. वीर्यपतनानंतर पुरुषाला लगेच दुसऱ्यांदा उत्तेजना येत नाही, त्याचंही श्रेय वर्षानुवर्षं प्रोलॅक्टिनलाच दिलं जात होतं. लिस्बनमधल्या संशोधकांनी २०२१ साली उंदरांवर ही कल्पना तपासली. मीलनाआधीच प्रोलॅक्टिन वाढवलं तरी उंदरांची कामेच्छा कमी झाली नाही, आणि वाढ रोखली तरी विश्रांतीचा तो काळ आखूड झाला नाही. एखादी गोष्ट नेमकी त्याच वेळी रक्तात वाढते, एवढ्यावरून ती कारण ठरत नाही. झोपेच्या बाबतीत प्रोलॅक्टिन निर्दोष ठरलंय असं नव्हे, पण त्याच्यावरचा आरोप माणसांत सिद्ध व्हायचा आहे.

इतर रसायनांबद्दल थोडक्यात. जवळिकीशी जोडलं जाणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक परमोच्च क्षणी वाढतं, हे स्टॅनफर्डच्या गटाने १९८७ साली मोजलं होतं. गांजातल्या घटकांसारखं काम करणारं शरीरातलंच एक द्रव्य, टू-एजी, परमोच्च क्षणानंतर रक्तात वाढलेलं २०१७ साली जर्मनीत आढळलं. दोन्हींचा संबंध ताण सैलावण्याशी जोडला जातो. मेंदूच्या चित्रणाची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गेर्ट होल्स्टेगे यांच्या गटाला २००३ साली वीर्यपतनाच्या वेळी पुरुषांच्या मेंदूतल्या भयाशी निगडित अमिग्डला या भागातलं काम मंदावलेलं दिसलं. पुढे स्त्रियांच्या मेंदूचेही काही भाग शांत झालेले त्यांना आढळले. त्यावरून 'मेंदू बंद पडतो' असे मथळे झाले. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने २०१७ साली वेगळ्या तंत्राने दहा स्त्रियांचा मेंदू पाहिला, तेव्हा असं काहीच मंदावलेलं आढळलं नाही.

उंदीर-घुशींच्या प्रयोगशाळेतली एक नोंद मला फार आवडते. रॉनल्ड बारफील्ड आणि एल. ए. गायर यांनी १९७२ साली दाखवलं, की मीलनानंतर नर उंदीर निपचित पडून सुमारे २२ किलोहर्ट्झचा लांबलचक आवाज काढत राहतो. माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही. या काळात त्याच्या मेंदूतल्या विद्युत लहरी झोपेतल्या लहरींसारख्या असतात. आपल्यापेक्षा कितीतरी वेगळ्या प्राण्यातही मीलनानंतर मेंदू झोपेच्या दिशेने सरकतो. म्हणजे ही गोष्ट मानवी आळसाच्या किंवा बेफिकिरीच्या पलीकडची आहे.

पण माणसांची झोप खरोखर सुधारते का? १९८५ साली कॅनडातल्या झोपेच्या प्रयोगशाळेत दहा जणांची तपासणी झाली. हस्तमैथुनाने झोपेत काही फरक दिसला नाही. २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या सर्वेक्षणात ७७८ जणांना त्यांचा अनुभव विचारला, तेव्हा परमोच्च क्षणानंतर झोप चांगली लागते असं बहुतेकांनी सांगितलं, विशेषतः जोडीदार सोबत असताना. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात लोकांनी रोज सकाळी नोंदी केल्या. त्यातही जोडीदारासोबत परमोच्च क्षण गाठला त्या रात्री झोप लवकर लागली आणि चांगली लागली. एकट्याने गाठला तेव्हा तसा फरक नव्हता. स्पर्श, सोबत, सुरक्षित वाटणं यांचा हिस्सा मोठा आहे, असं मला यावरून वाटतं.

आणखी एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते. माणसं समागम करतात तो बहुधा रात्रीच, झोपायच्या वेळी. आपल्याकडच्या एका खोलीच्या घरांत तर मुलं आणि वडीलधारी झोपेपर्यंत थांबावं लागतं. दिवसभर राबलेलं शरीर, काळोख, आडवं अंग, अंधार पडल्यावर वाढत जाणारं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक. अशा वेळी समागम झाला नसता तरी झोप आलीच असती. त्यामुळे सगळं माप संप्रेरकांच्या पदरात टाकणं बरोबर नाही.

'तो लगेच पाठ फिरवून झोपतो' ही तक्रार अनेक स्त्रिया करतात. डॅनियल क्रुगर आणि सुझन ह्यूज यांनी २०११ साली ४५६ जणांना विचारलं, तेव्हा समागमानंतर आधी कोण झोपतं यात स्त्री-पुरुषांत ठळक फरक निघाला नाही. ज्यांचे जोडीदार आधी झोपत, त्यांना जवळिकीची, बोलण्याची ओढ अधिक जाणवत होती. झोप आली म्हणजे प्रेम आटलं असं नसतं. पण जागं राहिलेल्या माणसाला वाटणारं एकटेपणही खरंच असतं. झोपेच्या आधीची पाच-दहा मिनिटं जवळ घेऊन बोलण्यात गेली तर कुठलंही संप्रेरक आड येत नाही.

नेहमीची सुस्ती झोप झाली की जाते. क्वचित काही पुरुषांना मात्र वीर्यपतनानंतर फ्लू झाल्यासारखा प्रचंड थकवा, अंगदुखी, डोकं जड होणं, लक्ष न लागणं असा त्रास होतो आणि तो दोन ते सात दिवस टिकतो. मार्सेल वाल्डिंगर आणि डेव्ह श्वाइट्झर यांनी २००२ साली या दुर्मीळ आजाराचं पहिलं वर्णन केलं. असं दर वेळी होत असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावं; समागमानंतर किती तासांनी त्रास सुरू होतो आणि किती दिवस राहतो हे लिहून नेलं तर निदानाला मदत होते.