लेव्हलिंग किटने पिकअपची भारक्षमता वाढत नाही

इंदूरच्या पिकअपवाल्यांत पक्का बसलेला समज: लेव्हलिंग किट, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनवर बसणारे स्पेसर (जाड चकत्या), टाकून गाडीचे नाक मागच्या उंचीला आणले की ती जास्त माल पेलते. हे साफ चूक आहे. स्पेसर फक्त उंची बदलतो. भारमर्यादा अॅक्सल, ब्रेक, टायर, चासी मिळून ठरवतात.

टोयोटा हायलक्स, इसुझु व्ही-क्रॉस हे पिकअप रिकामे असताना मुद्दाम मागून उंच असतात. चोइथराम मंडीतून कांद्याची पोती भरली की मागचे पाटे (स्प्रिंग) दबतात. पुढचा भाग आधीच उचललेला असेल, तर नाक वर जाते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो.

म्हणून स्पेसर निवडण्याआधी रोजचा माल भरूनच चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची चारही चाकांवर मोजा. स्ट्रटवरचा (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडावरचा) २० मिमी स्पेसर चाकापाशी सुमारे ४० मिमी उचलतो, हे बहुतेक जण विसरतात! नंतर अलाइनमेंट कराच, नाहीतर टायर एका कडेने झिजतात.