पार्श्वभूमी : पगारातली कपात, बिलातला कर आणि टक्क्याखालची रक्कम

महाराष्ट्रातल्या पगारपत्रकावर फेब्रुवारीत एक ओळ शंभर रुपयांनी फुगते. व्यवसाय कर अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाची बेरीज २,५००. दरमहा सारखे २०० घेतले तर २,४०० होतात, उरलेले शंभर फेब्रुवारीवर टाकलेले आहेत. २,५०० ही राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने घातलेली कमाल मर्यादा आहे. आधी ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या ६०व्या घटनादुरुस्तीने दहापट झाली आणि तिथेच थांबली.

राज्यात हा कर आला १९७५ मध्ये. त्यामागे १९७२ चा दुष्काळ आणि त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना. शहरातल्या पगारदाराकडून थोडे थोडे घ्यायचे, तेवढीच भर सरकारने तिजोरीतून घालायची आणि खेड्यात मागेल त्याला काम द्यायचे, असा तो हिशेब. योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला. आज महिना साडेसात हजारांपर्यंत हा कर नाही, त्यापुढे दहा हजारांपर्यंत पुरुषांना १७५ रुपये आणि दहा हजारांच्या वर वरचाच २००-३०० चा हिशेब. स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफी आहे. महिना अकरा हजार घेणारा सुरक्षारक्षक आणि अकरा लाख घेणारा अधिकारी वर्षाला सारखेच २,५०० भरतात. यात समानता ज्याला दिसते त्याला दिसो. शिवाय जुन्या आयकर रचनेत ही रक्कम करपात्र पगारातून वजा होते, नव्या रचनेत होत नाही.

कपातीवर अंकुश हवा ही जाणीव त्याहून जुनी. मुंबईच्या गिरण्यांत कापडात दोष निघाला तर ते विणकराच्याच गळ्यात मारून पैसे कापले जात. १९३६ च्या वेतन कायद्याने कोणत्या कारणासाठी कापता येईल याची यादीच केली, आणि दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. पुढे ती तीन टक्के झाली. त्याच कायद्यात दहा किंवा जास्त कामगारांनी ठरवून, नोटीस न देता खाडा केला तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापण्याची मुभाही मालकाला होती. एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त नको, हा नियम मात्र अजून कामाला येतो. सहकारी पतपेढीचा हप्ता असेल तर जुन्या कायद्यात ही मर्यादा ७५ टक्क्यांपर्यंत जात असे, म्हणून सोसायटीचे कर्ज काढलेल्यांच्या हातात पगाराचा चतुर्थांशच येई.

आता खरा गुंता. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, १९५२ पासून आहे. सुरुवातीला तो सहाच उद्योगांना लागू होता, त्यात कापडउद्योग एक. दर रुपयामागे एक आणा, म्हणजे सव्वासहा टक्के. दर चढत चढत १९९७ मध्ये १२ टक्क्यांवर आला आणि स्थिरावला. वेतनमर्यादा, म्हणजे किती वेतनापर्यंत ही कपात सक्तीची, ३०० रुपयांपासून निघाली, २००१ मध्ये ६,५०० झाली, सप्टेंबर २०१४ मध्ये १५,०००. बारा टक्के सगळ्यांना पाठ असतात. भांडण नेहमी कशाचे बारा टक्के, यावर झाले.

१९५२ च्या कायद्याने मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरला. घरभाडे, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन आणि ‘तत्सम भत्ते’ वगळले. त्या ‘तत्सम’मधून कंपन्यांनी हत्ती नेला. मूळ वेतन लहान ठेवायचे आणि बाकीचा पगार विशेष भत्ता, वाहन भत्ता, शिक्षण भत्ता, धुलाई भत्ता अशा खणांत वाटायचा. एका दगडात दोन पक्षी मरत. मालकाचा पीएफचा हिस्सा कमी होई आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी सेवेची रक्कम, तीही त्याच लहान आकड्यावर निघे. कामगाराला हातात येणारी रक्कम जास्त दिसे, त्यामुळे तोही तक्रार करत नसे. नोकरी सोडताना हिशेब आला की मगच कळे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. जो भत्ता सगळ्यांना सरसकट मिळतो, जास्त कामाशी किंवा खास परिस्थितीशी ज्याचा संबंध नाही, तो मूळ वेतनच, नाव काहीही ठेवा. निकाल स्वच्छ होता. अंमल तेवढा स्वच्छ झाला नाही, कारण १५,००० च्या मर्यादेवर ज्यांचे मूळ वेतन आधीच गेले होते त्यांच्या कपातीत काही बदलण्याची सक्ती नव्हती. कमी पगाराच्या जागीच त्याचा खरा परिणाम व्हायला हवा होता, आणि तिथेच पगारपत्रके सर्वांत ढिली असतात.

मग २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि ‘आता मूळ पगार निम्मा करावाच लागेल’ अशी चर्चा सुरू झाली. संहितेत तसे म्हटलेले नाही. वेतन म्हणजे सगळा मोबदला. त्यातून घरभाडे, प्रवास, ओव्हरटाइम, कमिशन, बोनस अशा ठरावीक बाबी बाहेर. या बाहेरच्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली, तर वरची रक्कम परत वेतनात धरायची. मूळ वेतनाची ओळ ४० टक्के असली तरी चालते.

दोन उदाहरणे घेऊ. पगार ४०,००० : मूळ १४,०००, घरभाडे ७,०००, वाहन ४,०००, विशेष भत्ता १५,०००. विशेष भत्ता वगळलेल्या यादीत नाही, म्हणून तो थेट वेतनात येतो. वेतन २९,०००. बाहेर राहिलेले ११,००० निम्म्याहून कमी, तेव्हा भर घालायची गरज नाही. पूर्वी पीएफ १४,००० वर १,६८० कापला जाई. आता १५,००० च्या मर्यादेवर थांबवला तर १,८००, म्हणजे हातातून फक्त १२० रुपये जास्त गेले. मर्यादेपर्यंतच कपात असेल तर हातातला पगार फारसा घटत नाही, असे केंद्राने डिसेंबर २०२५ मध्ये सांगितले ते याच अर्थाने. ग्रॅच्युइटीत मात्र फरक मोठा. वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून : पाच वर्षांचे १४,००० वर सुमारे ४०,३८५ रुपये, २९,००० वर सुमारे ८३,६५४.

दुसरे उदाहरण, पगार २०,००० : मूळ ८,०००, घरभाडे ८,०००, वाहन ४,०००. बाहेरच्या बाबी १२,०००, निम्मे १०,०००. वरचे २,००० वेतनात परत येतात, वेतन १०,०००. पीएफ ९६० ऐवजी १,२००. महिन्याला २४० रुपये कमी हातात येणे या पगारात जाणवते, आणि मालकालाही तेवढेच घालावे लागतात. एकूण खर्चात दोन्ही हिस्से धरून पगार ठरला असेल, तर मालकाचे २४० सुद्धा याच कामगाराच्या पगारातून निघण्याची शक्यता असते. नवी रचना हातात आली की ‘सीटीसी’ची, म्हणजे मालकाच्या एकूण खर्चाची, ओळ आधी पाहावी ती यासाठी.

पासबुक पाहून दर थोड्या दिवसांनी कुणीतरी घाबरते : माझे १,८०० जमा, मालकाचे फक्त ५५०. यात चोरी नाही. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात, १५,००० वर १,२५०. उरलेले ५५० पीएफमध्ये. वेतन ३०,००० असून पूर्ण रकमेवर कपात होत असेल, तरी पेन्शनमध्ये १,२५० च जातात आणि २,३५० पीएफमध्ये. पेन्शनचा रकाना शून्य असेल तर सप्टेंबर २०१४ नंतर, १५,००० हून जास्त वेतनावर पहिल्यांदाच सभासद झालात का, हे तपासावे. अशांना पेन्शन योजनेत प्रवेश नाही.

राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, ओळ २१,००० पर्यंतच्या वेतनाला. जुलै २०१९ पासून कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन काळ असतात. मधेच पगार २१,००० च्या वर गेला तरी तो काळ संपेपर्यंत कपात चालू राहते, आणि उपचाराचा हक्कही. पगारवाढीनंतर ‘चुकून कापले’ अशी तक्रार येते ती बहुधा याचीच. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे २५ रुपये दिसतात, तेही बरोबरच.

आता दुकानाकडे. विक्रीवरचा कर देशात पहिल्यांदा आला तो १९३८ मध्ये, मध्य प्रांत व वऱ्हाडात, पेट्रोल आणि वंगणावर. नागपूर-अमरावती-अकोल्याचा हा मुलूख. हे खरे तर उत्पादन शुल्क, ते केंद्राचे, असा आक्षेप होता. निकाल प्रांताच्या बाजूने लागला आणि इतर प्रांतांना वाट मोकळी झाली. मुंबई राज्याचा पहिला सर्वसाधारण विक्रीकर १९४६ चा, १९५९ च्या कायद्याने तो नव्याने मांडला. एप्रिल २००५ मध्ये व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, आला, जुलै २०१७ मध्ये जीएसटी. मुंबईच्या वेशीवरचा जकातनाकाही त्याच दिवशी बंद झाला.

जीएसटीतही वाद पुन्हा रकमेचा आणि व्याख्येचाच. तांदूळ, पीठ, डाळ आधी नोंदणीकृत ब्रँडची असेल तरच ५ टक्के होता. १८ जुलै २०२२ पासून ‘आधीच बांधलेले आणि लेबल लावलेले’ हा निकष आला, २५ किलोपर्यंत. वाण्याने पोत्यातून मापून दिलेल्या दहा किलो तांदळावर कर नाही, तोच तांदूळ दहा किलोच्या छापील पिशवीत असेल तर ५ टक्के, आणि ३० किलोच्या पोत्यावर पुन्हा काही नाही. मोठे कुटुंब असेल तर मोठे पोते घेणे हा सरळ शहाणपणा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ चे टप्पे बहुतांशी गेले; ५, १८ आणि चैनीच्या व घातक वस्तूंना ४० राहिले. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ वरून ५ वर. तूप-लोणी १२ वरून ५ वर. वह्या आणि पाकिटातले पनीर करमुक्त. यात किती कमी व्हायला हवे होते, हे काढताना चूक होते. छापील किंमत करासकट असते. ११८ रुपयांच्या वस्तूतला १८ टक्के कर म्हणजे १८ रुपये, २१.२४ नव्हे : किंमत गुणिले १८, भागिले ११८. मूळ १०० वर आता ५ टक्के लावले की १०५. दुकानदाराने १०५ ऐवजी ११० घेतले, तर सूट दिली असे तो म्हणेल, पण ग्राहकाच्या खिशातून पाच रुपये जास्तच गेले.

बिल पाहताना १५ अक्षरी नोंदणी क्रमांक पाहावा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने, आणि मधली दहा अक्षरे पॅनची. क्रमांक नाही पण जीएसटीची ओळ आहे, असे बिल मान्य करू नये. कंपोझिशन, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या ठोक दराच्या, योजनेतल्या दुकानदाराला ग्राहकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. तो आपल्या उलाढालीवर स्वतः भरतो. साध्या हॉटेलात ५ टक्के, राज्याचा आणि केंद्राचा अडीच-अडीच. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे, तरी तो बिलात राहिला तर जीएसटी त्यावरही लागतो : जेवण १,०००, सर्व्हिस चार्ज १००, कर ५५, एकूण १,१५५. काढायला लावला तर १,०५०.

पेट्रोल, डिझेल आणि दारू अजून जीएसटीबाहेर आहेत. त्यांतून येणारा पैसा हातचा जाऊ द्यायला राज्ये तयार नाहीत, बाकी सगळी कारणे त्यानंतरची. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि त्यावर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे ठोक. टक्केवारीचा भाग केंद्राचे उत्पादन शुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो, म्हणजे करावर कर. तेल कंपनीचा दर दोन रुपये उतरला तर पंपावर अडीच रुपये उतरतात, ठोक ५.१२ मात्र दर कुठेही गेला तरी तेवढेच राहतात.