कॉलेज द फ्रान्सची सार्वजनिक व्याख्याने

कॉलेज द फ्रान्स ही पॅरिसमधील संशोधनसंस्था. नावात कॉलेज असले तरी तिथे प्रवेशअर्ज नाही, परीक्षा नाही, पदवीही नाही. प्राध्यापक शिकवतात आणि समोर येऊन बसेल तो श्रोता. फी, नावनोंदणी, हजेरी यांतले काही लागत नाही. आपल्या व्याख्यानमालांमध्ये वक्ता रोज बदलतो. इथे एकच माणूस एकच विषय आठवड्यामागून आठवडे उलगडत नेतो.

संस्थेचा उगम १५३० सालचा. ग्योम ब्यूदे या विद्वानाच्या आग्रहावरून राजा फ्राँस्वा पहिला याने ग्रीक आणि हिब्रू शिकवायला स्वतःचे अध्यापक नेमले. त्यांचा पगार राजाच्या तिजोरीतून व्हायचा (आणि अनेकदा थकायचा), त्यामुळे शिकवणे सर्वांना खुले ठेवता आले. बायबलचा अर्थ मूळ भाषांवरून लावणारी ही मंडळी पॅरिस विद्यापीठातील धर्मपंडितांच्या डोळ्यांत खुपली. त्यांच्यातल्या नोएल बेदाने १५३४ मध्ये या अध्यापकांना थेट न्यायालयात खेचले.

प्राध्यापकाची निवड आधीचे प्राध्यापकच करतात. पदव्यांची अट नाही. साहित्यसमीक्षक रोलाँ बार्त डॉक्टरेटशिवाय तिथे पोहोचला. अध्यासनेही (एकेका विषयाची प्राध्यापकपदे) कायमची नसतात. माणसागणिक त्यांची नावे बदलतात. क्लोद लेव्ही-स्त्रोस १९५९ मध्ये सामाजिक मानवशास्त्रासाठी निवडला गेला. तत्त्वज्ञ मिशेल फूकोने १९७० मध्ये आपल्या अध्यासनाला ‘विचारप्रणालींचा इतिहास’ असे नाव घेतले. फूकोच्या काळी वर्षाला २६ तास शिकवण्याचे बंधन होते. ऐकायला चैन वाटते. पण दरवर्षी चालू संशोधनातले नवेच काही मांडायचे, ही अट होती. गेल्या वर्षीची वही पुन्हा उघडायची सोय नाही.

नव्या प्राध्यापकाचे पहिले व्याख्यान हा मोठा समारंभ असतो. धर्मेतिहासाचा अभ्यासक एर्नेस्त रनाँला तो फारच महागात पडला. हिब्रूच्या अध्यासनावर आल्यावर फेब्रुवारी १८६२ मधील पहिल्याच व्याख्यानात त्याने येशूचा उल्लेख ‘अतुलनीय मनुष्य’ असा केला. देव नव्हे, मनुष्य! काही दिवसांतच सरकारने त्याचे व्याख्यान बंद केले. त्याआधी पोलिश कवी आदाम मित्स्क्येविच आणि इतिहासकार झ्यूल मिशले यांच्यावरही अशीच बंदी आली होती. दार सर्वांना उघडे असले की आत काय बोलले जाते याची सत्तेला धास्ती वाटणारच.

गर्दीचा इतिहास वेगळाच. पहिल्या महायुद्धाआधी आँरी बेर्गसाँचे तत्त्वज्ञान ऐकायला पॅरिसच्या उच्चभ्रू स्त्रियाही येत, आणि जागा धरून ठेवायला नोकरांना आधी पाठवले जाई. फूकोच्या वेळी तर तीनशेच्या सभागृहात पाचशे माणसे बसत. जमिनीवर बसलेल्यांना ओलांडत तो टेबलाशी यायचा, कागद ठेवण्यासाठी तिथले कॅसेट रेकॉर्डर बाजूला सारायचा आणि भराभर वाचायला लागायचा. गर्दी कमी व्हावी म्हणून त्याने संध्याकाळची वेळ बदलून सकाळी नऊची केली. उपयोग फारसा झाला नाही. व्याख्यान संपले की श्रोते टेबलाकडे धाव घ्यायचे, पण प्रश्न विचारायला नव्हे, तर रेकॉर्डर बंद करायला. इतक्या गर्दीत आपण एकटे पडतो, अशी त्याची तक्रार होती. या पद्धतीचे खरे दुखणे हेच: श्रोत्यांवर कसलेही बंधन नाही, म्हणून वक्त्याला शिष्यही नाहीत.

त्याच कॅसेट मात्र पुढे कामी आल्या. आपल्या मागे काही छापू नये, अशी फूकोची इच्छा होती. पण चारचौघांत बोललेले अप्रकाशित कसे म्हणायचे, असा युक्तिवाद करून १९९७ ते २०१५ या काळात त्याच्या व्याख्यानांचे तेरा खंड प्रसिद्ध झाले. आता बहुतेक व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे संस्थाच इंटरनेटवर मोफत ठेवते.

भारतीय विद्येशी या संस्थेचा संबंध जुना आहे. युरोपातील संस्कृतचे पहिले अध्यासन १८१४ मध्ये इथेच शेझी या संस्कृततज्ज्ञासाठी निर्माण झाले. पुढे यूजेन ब्यूर्नूफ आणि सिल्व्हाँ लेव्ही यांनी संस्कृत शिकवले. १९३७ मध्ये तिथे आलेला भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक मराठी अभ्यासकांच्या खास ओळखीचा. मराठीच्या घडणीवरचा त्याचा फ्रेंच ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला.