टाच दुखते, पण नेमकी कुठे?

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल फरशीवर टेकवताच टाचेखाली, किंचित आतल्या बाजूला, खिळा टोचावा तशी कळ येते. थोडे चालल्यावर ती ओसरते आणि दुपारी बराच वेळ बसून उठताना पुन्हा जाणवते. अशी तक्रार घेऊन येणारे अनेक जण सोबत एक्स-रे आणतात आणि ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे निदानही स्वतःच सांगून टाकतात. वास्तविक एक्स-रेमधला तो काटा, ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा अनेकांच्या पायातही सापडतो. त्यामुळे फिजिओथेरपिस्टचे लक्ष त्याच्यापेक्षा प्लँटार फॅशियाकडे, म्हणजे टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेल्या चिवट पट्ट्याकडे अधिक असते.

पाऊल जमिनीवर ठेवून पायाचा अंगठा हाताने वर उचलला, की पायाची कमान आपोआप उंचावते. रहाटावर दोर गुंडाळावा तसा हा पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती ओढला जातो. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये वर्णन केलेली ही क्रिया चालताना प्रत्येक पावलागणिक घडते. म्हणून अंगठा असा उचलल्यावर नेहमीचीच कळ आली, तर संशय पट्ट्यावर बळावतो.

तपासणीत सर्वाधिक माहिती मिळते ती हाताच्या अंगठ्याने टाच दाबून पाहण्यातून. टाचेच्या आतल्या कडेला, पट्टा हाडाला चिकटतो तिथे दुखले तर शंका खरी ठरण्याची शक्यता अधिक असते. दुखणे टाचेच्या बरोबर मध्यावर असेल तर तिथली चरबीची गादी झिजलेली असू शकते. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळवळायला झाले तर हाडाला सूक्ष्म तडा गेला आहे का, हे पाहावे लागते. जळजळ आणि मुंग्या असतील तर नस तपासावी लागते, आणि तरुण वयात दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही बराच वेळ आखडत असेल, तर रुग्णाला संधिवाततज्ज्ञाकडे पाठवणे योग्य. चालणे अचानक वाढले का, काम दिवसभर उभ्याचे आहे का, घरात कडक फरशीवर अनवाणी वावर असतो का, हे प्रश्नही विचारले जातात. पोटरीची लवचीकता आणि एका पायावर टाच किती वेळा उचलता येते, हेही मोजले जाते.

उपचारात शेक किंवा यंत्राखाली पाय ठेवून पडून राहणे रुग्णांना आवडते, पण अल्ट्रासाउंडने, म्हणजे ध्वनिलहरींच्या उपचाराने, व्यायामाच्या परिणामात भर पडते याला भक्कम पुरावा नाही. अंथरुणातून उतरण्यापूर्वी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून १० सेकंद धरावीत. असे १० वेळा, दिवसातून तीनदा करावे. दुसरा व्यायाम पट्ट्याला बळकटी देणारा आहे. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, बोटांखाली गुंडाळलेला पंचा घेऊन, ३ सेकंदांत टाच वर न्यावी, २ सेकंद थांबावे आणि ३ सेकंदांत खाली आणावी; हा व्यायाम एक दिवसाआड करायचा असतो. डेन्मार्कमधील ४८ रुग्णांच्या अभ्यासात या पद्धतीने तीन महिन्यांनंतर नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा अधिक आराम मिळाला. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच होते. म्हणजे हा व्यायाम केला तर आराम लवकर मिळतो, इतकेच.

व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालते. दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले पाऊल आदल्या दिवसापेक्षा अधिक दुखले, तर पुढच्या वेळी फेऱ्या कमी कराव्यात.