ट्युक्सबरीचे चर्च आणि जीर्णोद्धाराची धास्ती

इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी ५ मार्च १८७७ रोजी लंडनच्या ‘अथेनियम’ साप्ताहिकाला एक संतप्त पत्र लिहिले. सकाळच्या पेपरात त्यांनी वाचले होते, की ग्लॉस्टरशायरमधल्या ट्युक्सबरी गावच्या चर्चचा जीर्णोद्धार होणार आहे आणि काम सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे आहे. जीर्णोद्धार कसला, हा तर विध्वंस आहे, असे मॉरिस यांचे म्हणणे. हे स्कॉट म्हणजे मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर मुंबईत पाऊलही न ठेवता आखून देणारे वास्तुरचनाकार. इंग्लंडमध्ये त्यांचा दबदबा असा, की एकेका वेळी डझनावारी चर्चेसची कामे त्यांच्या कचेरीतून चालत.

ट्युक्सबरीचे चर्च मुळात बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या मठाचे. नॉर्मन सरदार रॉबर्ट फिट्झहॅमन याने ते उभारायला घेतले आणि ११२१ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. बराचसा दगड फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या कान (Caen) या गावाहून समुद्रमार्गे आणि मग सेव्हर्न नदीतून आणला. आत शिरले की दोन्ही बाजूंना मिळून १४ गोल खांब दिसतात, प्रत्येक सुमारे ३० फूट उंच, कसलीही नक्षी नसलेले. त्यांच्या डोक्यावरचे जाळीदार दगडी छत मात्र १४व्या शतकातले, नाजूक. दोन काळांची ही जोडी थोडी विजोड आहे, आणि माझ्या मते या इमारतीची खरी मजा त्यातच आहे. मधोमध १४८ फुटांचा चौकोनी मनोरा आहे. आज उभ्या असलेल्या नॉर्मन मनोऱ्यांत तो बहुधा सर्वांत मोठा. त्यावर एकेकाळी शिशाने मढवलेला लाकडी कळसही होता, तो १५५९ मध्ये कोसळला.

आठव्या हेन्रीने देशभरातले मठ बरखास्त केले, त्यात जानेवारी १५४० मध्ये ट्युक्सबरीचाही नंबर लागला. राजाच्या अधिकाऱ्यांनी चर्च ‘अनावश्यक इमारतीं’च्या यादीत घातले. पण मठाच्या चर्चचे मुख्य दालन गावकरी पूर्वीपासून आपले पॅरिश चर्च, म्हणजे गावचे रोजचे प्रार्थनास्थळ, म्हणून वापरत होते. त्यांनी ४५३ पौंड भरून सगळी वास्तू विकत घेतली. किंमत ठरली ती छपरावरचे शिसे आणि मनोऱ्यातल्या घंटा यांच्या मोडीच्या भावाने. कोरीव दगडाचे मोल शून्य. मठाच्या बाकीच्या बऱ्याच इमारती पाडल्या गेल्या, चर्च वाचले.

तीनशे वर्षांनी धोका आला तो वेगळ्याच दिशेने. १८४०च्या दशकापासून इंग्लंडमधल्या उत्साही धर्मगुरूंना आणि वास्तुरचनाकारांना वाटू लागले, की चर्चला एक ‘खरे’ रूप असते आणि ते साधारण १४व्या शतकाच्या सुरुवातीचे. मग नंतरच्या काळातल्या गॅलऱ्या, पेटीसारखी बंदिस्त आसने, जुना गिलावा हे सगळे काढायचे आणि खिडक्या पसंतीच्या शैलीत नव्याने घडवायच्या, असा सपाटा सुरू झाला. भिंती खरवडताना मध्ययुगीन चित्रेही गेली. पाषाणाच्या जुन्या देवळांना ऑइलपेंट फासलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मॉरिस यांचा संताप समजावून सांगायला नको. पैसा आणि भक्ती, दोन्ही भरपूर असले की इमारतीची धडगत नसते.

पत्रानंतर तीनच आठवड्यांत मॉरिस यांच्या पुढाकाराने, जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज’ स्थापन झाली. तिचा जाहीरनामा साधा होता: रोजची निगा राखा, कललेल्या भिंतीला टेकू द्या, गळके छप्पर बुजवा, पण जुन्याची नक्कल करून ते जुने म्हणून खपवू नका. ट्युक्सबरीचे काम काही थांबले नाही. १८७८ मध्ये स्कॉट वारले आणि पुढच्या वर्षी चर्च पुन्हा उघडले. मॉरिस इथे हरले, पण पुढच्या पिढ्यांतल्या वास्तुरचनाकारांना विचार करायची दिशा त्यांच्या संस्थेने दिली.

कायद्याला मात्र चर्चपर्यंत पोहोचायला वेळ लागला. १८८२चा पहिला प्राचीन स्मारक कायदा प्रामुख्याने स्टोनहेंजसारख्या प्रागैतिहासिक अवशेषांपुरता होता. १९१३ मध्ये तो कडक होत असताना, आमच्या इमारती आम्ही सांभाळतो, असे इंग्लंडच्या चर्चने, म्हणजे ‘चर्च ऑफ इंग्लंड’ या धर्मसंस्थेने सांगितले आणि वापरातली चर्चेस कायद्याबाहेर राहिली. ही सूट आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. तिच्या बदल्यात चर्चला स्वतःची व्यवस्था नीट करावी लागली. प्रत्येक धर्मप्रांतात तज्ज्ञांची सल्लागार समिती १९३८ पासून सक्तीची झाली. आतला बाक हलवायचा तरी ‘फॅकल्टी’ नावाचा परवाना लागतो आणि वाद झाला तर बिशपच्या न्यायालयात चान्सेलर, म्हणजे तिथला न्यायाधीश, निकाल देतो. हे न्यायालय मध्ययुगापासूनचे आहे. बाहेरून बदल करायचा असेल तर स्थानिक पालिकेची नियोजन परवानगी वेगळी.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने वारसा इमारतींच्या याद्या करायला घेतल्या. आज इंग्लंडच्या चर्चच्या सुमारे १६ हजार इमारतींपैकी १२ हजारांहून जास्त या यादीत आहेत. ट्युक्सबरी अर्थातच पहिल्या श्रेणीत. गंमत अशी, की १९५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इमारती जपण्यासाठी व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली आणि ज्या कामांवर मॉरिस तुटून पडले होते, तीच पुढे वारसा ठरली. आता एखाद्या पॅरिशला स्कॉटच्या काळातले बाक काढून खुर्च्या मांडायच्या असतील, तर या सोसायटीचीच मंडळी हरकत घेतात.

मॉरिस यांना हवी असलेली रोजची निगा कायद्यात उतरली ती १९५५ मध्ये. दर पाच वर्षांनी वास्तुरचनाकाराकडून प्रत्येक चर्चची तपासणी झालीच पाहिजे, असा नियम आला. अहवालात बहुधा पन्हळी तुंबल्या आहेत, शिशाच्या पत्र्याला चीर गेली आहे, अशाच नोंदी असतात. मोठ्या पडझडीची सुरुवात तिथूनच होते. खर्च मुख्यतः पॅरिशने करायचा. सरकार कायमचा देखभाल निधी देत नाही, अनुदान मिळते ते अर्ज करून. या शतकात धातूचे भाव चढले तशा छपरावरचे शिसे चोरणाऱ्या टोळ्याही वाढल्या. म्हणून चोरी झालेल्या चर्चवर शिशाऐवजी स्टेनलेस स्टीलचा पत्रा घालायला आता वारसा संस्थाही काही ठिकाणी मान्यता देतात.